ऑनलाइन जुगाराचं व्यसन आणि सरकारचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा बायको, आई किंवा मोठा भाऊ विचारतो. खेळणारा स्वतः विचारायला येतो तोवर पगार, एफडी, घरातलं सोनं आणि मित्रांची उसनवारी असं सगळं संपलेलं असतं. म्हणून इथे घरच्यांच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. कायद्याचे प्रश्नही त्यांच्याच बाजूने पाहिले आहेत.

गेमिंग आणि जुगार एकच का?

नाही. मुलगा रात्रभर बंदुकीचा गेम खेळत असेल तर त्याची झोप आणि अभ्यास बिघडतो, पण तो विषय वेगळा. इथे प्रश्न पैसे लावण्याचा आहे. रमी, पोकर, तीन पत्ती, पैसे भरून लावलेली फँटसी क्रिकेटची टीम, लाल-हिरवा सांगायचा कलर प्रेडिक्शन, उडणारं विमान पडायच्या आत पैसे काढायचे तो खेळ, चक्री, आणि क्रिकेटवरचा सट्टा हे सगळं त्यात आलं. सट्ट्यासाठी गावोगावी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं, मिळतो.

पण रमी कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय ना?

सांगितलंय, आणि कंपन्यांनी हे वाक्य वर्षानुवर्षं जाहिरातीसारखं वापरलं. तो निकाल १९६८ चा, सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यातला. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असं कोर्ट म्हणालं. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक स्वतः नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. हा अर्धा भाग कुठल्याच अ‍ॅपवर वाचायला मिळाला नाही. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीबाबतही कोर्टाने कौशल्याचाच मुद्दा मान्य केला.

माझ्या मते या वादात आपली फार वर्षं फुकट गेली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, याचा व्यसनाशी फारसा संबंध नाही. डाव किती लवकर संपतो, पुढचा किती लवकर सुरू होतो आणि मधल्या काळात खिशातून पैसे किती सहज निघतात, यावर माणूस अडकतो. उलट ‘मी हुशार आहे, आज फक्त पत्ते वाईट आले’ असं स्वतःला समजावायला कौशल्याच्या खेळात जास्त वाव असतो.

हे खरंच व्यसन आहे, की नुसता नाद?

डॉक्टरांच्या लेखी आजार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचं व्यसन दारू आणि ड्रग्जच्याच प्रकरणात नेऊन ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तर ‘मुख्यतः ऑनलाइन’ असा वेगळा पोटप्रकार आहे.

मेंदूत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. दर वेळी बक्षीस मिळालं तर माणूस कंटाळतो, कधीच नाही मिळालं तर सोडून देतो. मात्र कधी मिळेल याचा नेमच नसला तर तो बटण दाबत राहतो. त्यात ‘थोडक्यात हुकलं’ याची भर पडते. एका आकड्याने गेलेला डाव पूर्ण हरल्यासारखा वाटत नाही, जिंकत आल्यासारखा वाटतो. याला शरीराचाही आधार आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना देतात त्यांतल्या काही गोळ्या डोपामाइनचं काम करतात, आणि त्या सुरू झाल्यावर आयुष्यात कधी पत्ता न पिसलेली माणसं जुगाराकडे ओढली गेल्याची नोंद वैद्यकात आहे. आजोबांचं असं काही अचानक सुरू झालं असेल तर आधी औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने मात्र गोळी बंद करू नका.

मटका तर आमच्या आजोबांच्या काळातही होता. मोबाइलने असं काय बदललं?

हा प्रश्न नीट बघायला हवा. मुंबईचा मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावांवर चालायचा. ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. गिरणगावात कामगाराचा पगार झाला की त्यातला काही भाग आकड्यावर जायचा. संसार तेव्हाही मोडले, हे मान्य.

पण त्या धंद्यात अडथळे किती होते ते बघा. आकडा लावायला घरातून निघून टपरीपर्यंत चालत जावं लागे. पैसे रोख लागत, आणि खिशात असतील तेवढेच लावता येत. चिठ्ठी लिहिणारा ओळखीचा असे, शेजारी बघत. मग ओपनची, म्हणजे पहिल्या आकड्याची, वाट बघायची, त्यानंतर क्लोजची, म्हणजे दुसऱ्याची. दिवसाला मोजकेच निकाल, आणि दोन निकालांच्या मध्ये जेवण, झोप, गिरणीतली पाळी, बायकोचे बोल हे सगळं यायचं.

मोबाइलवर यातलं काहीच उरलं नाही. कलर प्रेडिक्शनचा डाव मिनिटाच्या आत संपतो. पाय उचलावा लागत नाही, कोणी बघत नाही, आणि पैसे बोटाच्या ठशावर जातात. खिसा रिकामा झाल्याचं कळतच नाही, कारण खिसाच नाही. संपले तर त्याच फोनवर कर्ज देणारं अ‍ॅप आहे. वर गंमत अशी की पैसे भरायला सेकंद लागतात आणि काढायला ‘प्रक्रिया सुरू आहे’ असा संदेश. जिंकलेली रक्कम त्या वेळात वॉलेटमध्येच पडून राहते आणि बहुतेक जण ती पुन्हा लावतात. ही उशिराची रचना मुद्दाम केलेली असते, तो काही बिघाड नव्हे.

जिंकणारेही असतातच ना? माझ्या मित्राला चाळीस हजार मिळाले.

मिळाले असतील. साधा हिशोब करून बघा. सहा जण शंभर-शंभर रुपये लावून रमीला बसले. सहाशे रुपये झाले. समजा अ‍ॅप त्यातले पंधरा टक्के, म्हणजे नव्वद रुपये कापून घेतं आणि जिंकणाऱ्याला ५१० देतं. सहाही जण सारखेच हुशार असले तर दहा डावांत प्रत्येकाने हजार रुपये लावलेले असतात आणि सरासरी साडेआठशे परत आलेले असतात. तीस डाव झाले की साडेचारशे गेले. कोण जिंकतं याच्याशी अ‍ॅपला घेणंदेणं नाही, डाव होत राहिले म्हणजे झालं. मित्राचे चाळीस हजार याच टेबलावरच्या बाकीच्यांचे, आणि त्याने त्याआधी किती भरले होते ते तो सांगत नाही.

‘पाच वेळा लाल आला, आता हिरवाच येणार’ हा हिशोबही असाच फसवा. माँटे कार्लोच्या कसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी रुलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. आता लाल येणारच म्हणून लोक दर फेरीला जास्त पैसे टाकत गेले आणि धुतले गेले. चेंडूला आधीच्या फेऱ्या आठवत नाहीत. शिवाय गल्लीतल्या कलर प्रेडिक्शन अ‍ॅपमध्ये चेंडूही नसतो. कुठला रंग दाखवायचा ते चालवणाऱ्याच्या हातात असतं आणि तपासायला कोणी नसतं.

घरातलं कोणी अडकलंय हे ओळखायचं कसं?

मानसोपचारात दोन प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. दर वेळी आधीपेक्षा जास्त पैसे लावावेत असं कधी वाटलं का? आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकालाही ‘हो’ असेल तर पुढची तपासणी करून घ्यावी.

घरच्यांनी हे प्रश्न विचारले तर खरं उत्तर मिळेलच असं नाही. बँकेचं स्टेटमेंट मात्र खोटं बोलत नाही. अडकलेल्या माणसाच्या स्टेटमेंटची एक रात्र साधारण अशी असते : १२:४१ ला ५००. १२:४४ ला ५००. १२:५० ला १,०००. १:०३ ला २,०००. १:०५ ला परत २,०००. १:२० ला ३,२०० जमा. १:२२ ला तेच ३,२०० गेले. शेवटी २:१० ला ३७ रुपये, कारण खात्यात तेवढेच उरले होते. पैसे घेणारी नावं कुठल्याशा ट्रेडर्सची, मोबाइल शॉपीची, अनोळखी माणसांची, आणि दर आठवड्याला वेगळी.

फोन उलटा ठेवणं, मॅच संपली की न बोलता उठून जाणं, पगाराच्या तिसऱ्या दिवशी पेट्रोलला पैसे मागणं, ‘पाकीट मारलं’, ‘ऑफिसने पगार अडवला’ अशी कारणं, ही त्याच्या आजूबाजूची लक्षणं. प्रत्येकाचं दुसरं स्पष्टीकरण असू शकतं. स्टेटमेंटचं नसतं.

एकदा कर्ज फेडून टाकलं तर सुटेल का?

बहुतेक वेळा नाही. घरोघरी होणारी सगळ्यात महागडी चूक हीच. वडील एफडी मोडतात, शपथ घेतली जाते, देवासमोर हात ठेवला जातो. मुलाला त्या क्षणी खरोखरच सोडायचं असतं. पण सगळी देणी एका दिवसात मिटली की त्याच्या मनावरचं ओझं उतरतं, सिबिल सुधारतो, आणि कर्ज देणारी अ‍ॅप्स पुन्हा मेसेज पाठवायला लागतात. तीन महिन्यांनी आकडा आधीपेक्षा मोठा असतो. वैद्यकाच्या नऊ लक्षणांच्या यादीत ‘जुगाराने झालेल्या तंगीतून सुटायला दुसऱ्यांकडून पैसे घेणं’ हे एक लक्षण म्हणूनच आहे.

मग करायचं काय? आधी सगळी देणी एका कागदावर लिहून काढा. पहिल्या दिवशी पूर्ण यादी येत नाही. एक-दोन रकमा नंतर निघतात, तेव्हा आरडाओरडा करू नका. पैसे त्याच्या हातात देऊ नका. द्यायचेच असतील तर थेट बँकेत भरा आणि हप्ता त्याच्या पगारातून जाऊ द्या. पगाराचं खातं काही काळ बायको किंवा वडिलांच्या देखरेखीखाली, त्याच्या संमतीने. फोनवरचं यूपीआय काढा किंवा मर्यादा अगदी खाली आणा, अनेक बँकांच्या अ‍ॅपमध्ये ती सोय असते. क्रेडिट कार्ड बंद. त्याला अपमान वाटेल, पण उपचार सुरू असताना हा कुबडीचा काळ असतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी उद्ध्वस्त झालेल्या जुगाऱ्याचं सूक्त आहे. त्यात आई, बाप, भाऊ म्हणतात, ‘आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा.’ तीन हजार वर्षांपूर्वीचं घर आणि आजचं घर यांत फार फरक नाही. एक तर सगळं फेडायचं, नाहीतर दार लावून घ्यायचं. मधली वाट कंटाळवाणी असते, उपयोगी तीच पडते.

लोन अ‍ॅपवाले आणि सावकार घरी फोन करतात. आम्ही देणं लागतो का?

सज्ञान मुलाच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधली नावांची यादी उघडायची परवानगी नाही. फोटो बदलून नातेवाईकांना पाठवायची धमकी आली तर तो सरळ गुन्हा आहे. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार करा. खासगी सावकाराला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो.

बुकीचं देणं हा आणखी वेगळा प्रकार. करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, कोर्टात त्याची वसुली होत नाही. आणि फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट : जुन्या मुंबई प्रांतासाठी १८६५ मध्ये केलेल्या कायद्याने पैजेला मदत म्हणून केलेले करारही रद्दबातल ठरवले. म्हणजे ‘मी फक्त खेळायला पैसे दिले होते’ असं म्हणणाऱ्याचीही बाजू इथे लंगडी पडते. बँकेचं किंवा नोंदणीकृत कंपनीचं वैयक्तिक कर्ज मात्र फेडावंच लागतं. दोन्हींची गल्लत करू नका, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवा.

उपचार कुठे मिळतात? दवाखान्यात नेलं तर बदनामी होईल.

सरकारी टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालतो. त्यानंतर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा जवळचा मानसोपचारतज्ज्ञ. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत फोन आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळा दवाखाना आहे. पुण्यात १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणारं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहेच. दुसऱ्या कुठल्याही केंद्राला आधी एवढंच विचारा : जुगाराचे रुग्ण तुम्ही घेता का, आणि मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? बांधून ठेवण्याची किंवा मारण्याची भाषा कोणी केली तर तिथून निघा.

उपचार म्हणजे मुख्यतः समुपदेशन. कुठल्या वेळी, कुठल्या भावनेने हात फोनकडे जातो ते शोधायचं आणि त्या वेळेला दुसरं काहीतरी उभं करायचं. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर तीही बघावी लागते, आणि बऱ्याचदा असते. काहींना औषधंही देतात. बदनामीचं म्हणाल तर मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

तो ‘मी जिवाचं काहीतरी करून घेईन’ म्हणतो. धमकी देतोय का?

धमकी समजू नका. त्याला एकटं ठेवू नका, पैशांचा विषय त्या दिवसापुरता पूर्ण बंद करा, आणि ‘मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत. १४४१६ ला फोन करा. धोका लगेचचा वाटला तर ११२, किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. देणं कितीही असलं तरी त्यातून मार्ग निघतो, हे त्याला घरच्यांच्या तोंडून ऐकू येणं फार गरजेचं असतं.

२०२५ च्या कायद्याने नक्की काय झालं? खेळणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो का?

ऑनलाइन गेमिंगचं विधेयक लोकसभेत २० ऑगस्ट २०२५ ला, राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झालं आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्याने कौशल्य-नशीब हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून, पैसे जिंकायच्या आशेने खेळला जाणारा कुठलाही ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाख, पैशांची वाट करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत आणि एक कोटी. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली, पैशाविना चालणारे खेळ मोकळे राहिले.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्याला बळी मानलं आहे. हे बरोबरच झालं, नाहीतर कोणी मदत मागायला पुढेच आलं नसतं.

परिणाम दिवसांत दिसला. मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांचे खेळ थांबवले, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन गेलं. कंपन्या कोर्टात गेल्या आणि वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतली. कायदा होण्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, आपल्या विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. त्यांनी आरोप नाकारला, जाहिरात उघडली होती म्हणाले, आणि पुढे त्यांचं खातं बदललं. शेतकऱ्यांच्या पोरांमध्ये रमीचं वेड किती पसरलंय यावर त्या आठवड्यात झाली तेवढी चर्चा आधी दहा वर्षांत झाली नव्हती.

मग आता प्रश्न मिटला?

ज्या कंपन्यांचं ऑफिस, संचालक आणि जीएसटी क्रमांक भारतात होता, त्या थांबल्या. ज्यांचं यातलं काहीच इथे नव्हतं, त्यांना फारसा फरक पडला नाही. आयडी देणारा टेलिग्रामवर बसला आहे, साइट परदेशात आहे, एक पत्ता ब्लॉक झाला की दुसरा तासाभरात चालू. आणि पैसे घ्यायला भाड्याने घेतलेली बँक खाती. मार्च २०२५ मध्ये जीएसटीच्या गुप्तचर विभागाने परदेशी कंपन्यांच्या ३५७ साइट ब्लॉक केल्याचं सांगितलं होतं. आकडा कौतुकाचा आहे, पण नवी साइट काढायला खर्च काहीच येत नाही.

जाता जाता : कोणी ‘तुझं खातं महिन्याला दहा हजारांवर दे, फक्त एटीएम कार्ड आणि सिम हवं’ म्हणालं तर हे पैसे त्याच धंद्याचे किंवा सायबर फसवणुकीचे असतात. खातं तुमच्या नावावर, म्हणजे पोलिस आधी तुमच्याच दारात.

महाराष्ट्र सरकार स्वतः काही करू शकतं का? शेजारी गोव्यात तर कसिनो चालतात.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सट्टा आणि जुगार’ राज्यांच्या यादीत आहे, चौतिसाव्या क्रमांकावर. म्हणूनच इतकी वेगवेगळी चित्रं दिसतात. महाराष्ट्रात अजून १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यावर काम चालतं, जो अड्डा, पत्ते आणि रोख डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता. १९७६ मध्ये आपण कसिनोंचाही कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना आणि १९९६ मध्ये जहाजांवर कसिनोला वाट दिली, ती जहाजं आज मांडवीत उभी आहेत.

तामिळनाडूचं उदाहरण जास्त उपयोगी. तिथे २०२२ मध्ये बंदी आणली, उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रमी-पोकरपुरती ती उठवली, मग राज्याने २०२५ मध्ये नियम केले : आधारची पडताळणी आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत खेळ बंद. उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ते नियम कायम ठेवले. केंद्राच्या बंदीने तो विषय मागे पडला, पण रात्रीची वेळ निवडणाऱ्याने हा आजार जवळून पाहिला होता हे नक्की. वरच्या स्टेटमेंटमधल्या वेळा पुन्हा बघा.

इतर देश काय करतात?

ब्रिटनने परवाने दिले आणि मग वीस वर्षं दोऱ्या आवळत आणल्या. २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार बंद, त्याच वर्षी प्रत्येक ऑनलाइन कंपनीला ‘मला खेळू देऊ नका’ असं नाव नोंदवणाऱ्यांची एकच यादी पाळण्याची सक्ती, २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या एका डावाला पाच पौंडांची मर्यादा आणि २५ वर्षांखालच्यांना दोन पौंडांची. कंपन्यांकडून उपचारासाठी सक्तीची वर्गणीही आता घेतली जाते. नॉर्वेत सरकारी कंपनीच खेळ चालवते आणि महिन्याला किती हरता येईल याला छत आहे. इटलीने २०१८ मध्ये जाहिरातींवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून राष्ट्रीय यादी आहे.

आपल्याला सगळ्यात जवळचं वाटावं असं सिंगापूरचं आहे. तिथे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं अर्ज करून आपल्या माणसाला कसिनोतून बाद करवू शकतात. एकत्र कुटुंबात एकाच्या नादाने सगळ्यांची पासबुकं रिकामी होतात. तिथे हा अधिकार किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको.

तुमचं मत काय, बंदी की नियमन?

जाहिरात आणि परदेशी साइट यांवर बंदी हवीच. आयपीएलच्या प्रत्येक ओव्हरनंतर खेळाडू येऊन ‘टीम लावा’ सांगत होते आणि खाली दोन सेकंदांत धोक्याची सूचना पळत होती, तो प्रकार संपला याचं मला दुःख नाही.

पण बंदीची एक किंमत आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ब्रिटनसारखी यादी पाळायला समोर परवानाधारक कंपनी लागते. सगळंच बेकायदा असेल तर ‘मला थांबवा’ असा अर्ज द्यायचा कोणाला? व्यसनी माणसाच्या हातातलं ते साधन गेलं. म्हणून ते आता बँकांकडे यायला हवं. ब्रिटनमधल्या काही बँका ग्राहकाने सांगितलं की जुगाराचे व्यवहार अडवतात, आणि ते पुन्हा सुरू करायला मुद्दाम थांबायला लावतात. आपल्याकडे यूपीआयवर एका अर्जाने, स्वखुशीने, रात्री अकरा ते सकाळी सहा अनोळखी खात्यात पैसे जाणार नाहीत अशी सोय करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावं. मर्यादा वाढवायची असेल तर आठवड्याची वाट. भाड्याच्या खात्यात रात्रभर पाचशे-पाचशेचे शेकडो व्यवहार जमा होतात तेव्हा बँकेने सकाळची वाट बघू नये.

आणि उपचाराला पैसा. या धंद्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर. त्यातला एक ठरावीक वाटा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी बाजूला काढायचं कोणाला सुचलं नाही. ज्या धंद्यातून तिजोरीत पैसा येतो तो बंद करताना सरकारचा हात जड होतो, हे दारूच्या बाबतीत आपण पाहतोच. इथे निदान तो मोह सोडला.

शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंगही जुगारच का?

कायद्याने नाही, तिथे बाजारावर देखरेख करणारी सेबी आहे, नियम आहेत. पण सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं की २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. आठवड्याच्या एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याच्या, दिवशी दुपारी दोननंतर कॉल-पुट (भाव चढण्या-पडण्यावरचे सौदे) घेणारा, हरलेले काढायला दुप्पट लॉट लावणारा आणि घरी ‘गुंतवणूक’ म्हणून सांगणारा मुलगा व्यसन ओळखायच्या वरच्या दोन प्रश्नांना (आधीपेक्षा जास्त लावावंसं वाटतं का, खोटं बोलावं लागतं का) काय उत्तर देतो ते विचारून बघा. रमी बंद झाल्यावर बरेच जण इकडे वळले असतील तर मला नवल वाटणार नाही. मदतीचा फोन तोच, १४४१६.

आयडीत एक लाख दिसतायत, पण काढायला गेलं की ‘आधी वीस हजार टॅक्स भरा’ म्हणतात. भरू का?

भरू नका. ते एक लाख पडद्यावरचा आकडा आहेत. खरा कर जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो, त्यासाठी वेगळे पैसे कोणी मागत नाही. वीस भरले की ‘व्हेरिफिकेशनचे दहा’ येतात. १९३० वर फोन करून व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव सांगा. पैसे जाऊन थोडेच तास झाले असतील तर ते खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते. खेळत होतो हे सांगायला लाजू नका, २०२५ च्या कायद्यात तुम्ही आरोपी नाही. आणि त्यानंतर ‘तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फी आधी’ असा कोणाचा फोन आला तर तो बहुतेक त्याच टोळीचा असतो, नंबर ब्लॉक करा.